न शिवता मोजणाऱ्यांचा इतबार

कारखान्यात नवे उपकरण आले की त्याच्यासोबत एक गुळगुळीत माहितीपत्रक येते, आणि त्या पत्रकावरील पहिला ठळक आकडा वाचूनच बहुधा खरेदीचा निकाल लागलेला असतो. पुणे परिसरातील कारखान्यांत स्वयंचलित यंत्रांची देखभाल करण्यात माझी उमेदीची वर्षे खर्ची पडली. आणि वस्तूला स्पर्श न करता तिचे अंतर किंवा विस्थापन सांगणारे जे सेन्सर हल्ली प्रत्येक यंत्रावर बसलेले दिसतात, त्यांच्याविषयी नव्या मंडळींना मी एवढेच सांगत आलो की, हे सेन्सर सहसा खोटे बोलत नाहीत, परंतु आपण त्यांना नेमके काय विचारले आहे याची खातरजमा फार थोडे लोक करतात.

एका कारखान्यात बिडाच्या मशीनिंग केलेल्या भागांची उंची तपासण्यासाठी लेसरचा सेन्सर बसविला होता. लेसरचा ठिपका भागावर पडतो, तिरप्या बाजूला बसविलेल्या भिंगातून त्याचे प्रतिबिंब आतल्या पट्टीवर उमटते, आणि भागाचा पृष्ठभाग वरखाली असेल त्या मानाने ते प्रतिबिंब पट्टीवर सरकते. या सरकण्यावरून त्रिकोणाच्या हिशेबाने अंतर निघते. मोजमापात ५० मायक्रॉन अधिकउणे चालणार होते, आणि सेन्सर तर एक मायक्रॉनचा फरक ओळखणारा. सबब सर्व मंडळी निर्धास्त होती. उन्हाळा लागला आणि दुपारच्या वेळी माल धडाधड नापास होऊ लागला. व्यवस्थापनाने शिरस्त्याप्रमाणे आधी कामगारांची झाडाझडती घेतली, मग टूल बदलून पाहिली, मग ओतीव माल पुरविणाऱ्याला खरमरीत पत्र धाडले. त्या जागी काम करणारे एक वयस्क ऑपरेटर होते. सारे त्यांना मामा म्हणत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, काल दुपारी नापास झालेले पीस मी आज सकाळी परत लावून बघितले. सगळे पास! आता बिडाचे पीस काय रात्रीतून वाढतात होय?" चौकशीच्या अवघ्या दप्तरात जेवढा मजकूर नव्हता तेवढा मामांच्या या एका प्रश्नात होता.

आम्ही सेन्सरखाली एक स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचा ठोकळा, ठेवला, त्याला कोणाचा हात लागणार नाही अशी तजवीज केली, शेजारी तापमापक टांगला आणि सकाळपासून दर अर्ध्या तासाने दोन्ही आकडे वहीत उतरवीत गेलो. गेज जागचा हलला नव्हता. तरी दुपारपर्यंत पडद्यावरील त्याची उंची ८० मायक्रॉनच्या आसपास घटली होती. सेन्सर ज्या उभ्या खांबावर बसविला होता तो अॅल्युमिनियमचा, ३०० मिलिमीटर उंचीचा. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन प्रसरण पावते, आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळचे २६ अंश दुपारी ३८ होत असत. गुणाकार केला की ८३ मायक्रॉन येतात. खांब वाढला, सेन्सर वर उचलला गेला, भाग त्याच्यापासून दूर गेला आणि म्हणून बुटका ठरला. भाग स्वतःही तापला होता, पण ४० मिलिमीटर बिडाची वाढ जेमतेम पाच मायक्रॉन. सेन्सरने आपल्यापासूनचे अंतर चोख सांगितले होते. त्या अंतराला उंची म्हणणारे आपण होतो.

शार्ल गीयोम याने १८९६ साली शोधलेला इन्व्हार नावाचा लोखंड-निकेलचा मिश्रधातू, ज्याच्याशी निगडित कार्याबद्दल त्याला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो खांबाला वापरला असता तर ही चाल चार-पाच मायक्रॉनवर आली असती. पण तेवढा खर्च मंजूर होण्याची वाट पाहण्यात दुसरा उन्हाळा उजाडला असता. आम्ही फिक्स्चरवरच भागाशेजारी एक कडक पोलादी ठोकळा बसविला आणि फिक्स्चर सरकताना सेन्सर आधी ठोकळा व मग भाग वाचील अशी योजना केली. दोहोंची वजाबाकी केली की खांब कितीही वाढो, तो हिशेबातून बाद होतो. जेथे जेथे शक्य असेल तेथे अशी वजाबाकी करावी, आणि यंत्र सुरू करताच आलेल्या आकड्यांवर विसंबू नये, कारण लेसरचा सेन्सर स्वतः तापून स्थिर व्हायलाही सुमारे अर्धा तास जातो. तेलाचा ओघळ, आरशासारखी चकाकी आणि काळे रबर हे या सेन्सरचे जुने वैरी आहेत. त्यांच्याविषयी पत्रकात बारीक अक्षरांत का होईना, पण लिहिलेले असते.

साखर कारखान्याच्या वीजगृहात टर्बाइनचा शाफ्ट किती हलतो हे पाहणारे एडी करंट प्रोब असतात, त्यांची कथा निराळी. फूकोने १८५५ साली दाखविलेल्या तत्त्वावर ते चालतात: प्रोबमधील वेटोळे शाफ्टच्या पृष्ठभागात प्रवाह निर्माण करते आणि अंतर बदलले की त्या प्रवाहाचा वेटोळ्यावरील परिणाम बदलतो. प्रोब, जोडकेबल आणि ड्रायव्हर या तीन वस्तू भांडाराच्या वहीत तीन ओळींत लिहिल्या जातात, वास्तविक ते एकच उपकरण आहे. प्रचलित आठ मिलिमीटरच्या प्रोबची मांडणी एकूण ५ किंवा ९ मीटर लांबीसाठी जुळविलेली असते, आणि ती जुळलेली असेल तरच मिलिमीटरमागे ७.८७ व्होल्ट हा ठराविक हिशेब लागू पडतो. ऐन गाळप हंगामात केबल तुटते, भांडारातून दुसरी येते, तिचे टोक बरोबर बसते, पडद्यावर आकडाही उमटतो. तो आकडा चुकीचा आहे हे ओरडून सांगणारे कोणी नसते. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. जोडणी पूर्ण झाल्यावर मायक्रोमीटरने अंतर बदलीत व्होल्ट लिहून आलेख काढल्यावाचून तिला मान्यता देऊ नये, आणि शाफ्टचा धातू बदलला असेल तर हा आलेख त्याच धातूच्या तुकड्यावर काढावा. डायल गेजचा चुंबकी स्टँड प्रोबसमोरच्या पट्ट्यावर चिकटविणाऱ्याला तर मी वीजगृहाबाहेर काढतो. मागे राहिलेले चुंबकत्व शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात कंप म्हणून दिसते.

टाकीची पातळी ध्वनीने मोजणारे सेन्सर स्वस्त आणि सोयीचे, परंतु उघड्यावरच्या टाकीवर त्यांचा एक धोका सहसा कोणी सांगत नाही. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना तो सेकंदाला ३४३ मीटर, तर ४० ला सुमारे ३५५. उपकरण आपल्या डोक्यातील तापमान पाहून दुरुस्ती करते खरे, पण ते डोके वैशाखाच्या उन्हात ५५ अंशांवर तापलेले आणि खालची हवा ३५ ची असली, तर तीन मीटर अंतरात सुमारे दहा सेंटिमीटरची तूट राहते, आणि तीही नको त्या दिशेने: टाकी प्रत्यक्षापेक्षा रिकामी दिसते व पंप भरीतच राहतो. सेन्सरवर पत्र्याची छोटी छत्री बसविण्यास फारसा खर्च येत नाही. द्रवावर फेस धरत असेल तर मात्र ध्वनीचा नादच सोडावा. फेस त्याला गिळून टाकतो.

धातू ओळखणाऱ्या साध्या इंडक्टिव्ह प्रॉक्सीविषयी थोडक्यात. तिच्यावर छापलेले अंतर सौम्य पोलादासाठी असते. अॅल्युमिनियम किंवा पितळ समोर आले की ते निम्म्याहूनही खाली येऊ शकते, आणि पोलादी भागाच्या जागी अॅल्युमिनियमचा भाग आला म्हणून बंद पडलेली लाइन दुरुस्त करण्यासाठी मला रात्री-अपरात्री बोलावणी आली आहेत.

विक्रेत्याचा प्रतिनिधी प्रात्यक्षिकाला येतो तेव्हा तो थंड खोलीत, स्वच्छ टेबलावर, आपल्यासोबत आणलेल्या पांढऱ्या ठोकळ्यावर सेन्सर चालवून दाखवितो. त्याला चहा द्यावा, आणि मग यंत्रापाशी नेऊन आपला सर्वांत तेलकट, सर्वांत चकचकीत पीस त्याच्या हाती ठेवावा; सेन्सर ज्या आधारावर पुढे कायमचा बसणार आहे त्याच आधारावर बसवावा, आणि मध्ये काहीही न हलविता पूर्ण पाळीभर आकडे लिहून घ्यावेत. आपला ऑपरेटर त्या वेळी शेजारी उभा असेल असे पाहावे, आणि प्रात्यक्षिकाची तारीख शक्यतो मे महिन्यातली द्यावी.