साइटच्या गेटबाहेर

पुण्यात पुनर्विकासाच्या आणि रस्त्यांच्या कामांवर वाहतूक सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. पाडकाम म्हटलं की लोकांना एक धडाका आठवतो. मला आठवतात ते त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेटमधून आत-बाहेर करणारे डंपर.

१. सगळे बघत असतात तो दिवस सोपा.
२ ऑक्टोबर २०२२ला मध्यरात्रीनंतर चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडला, तो महामार्ग आधीच रिकामा करून. त्याच वर्षी २८ ऑगस्टला नोएडाचे जोड मनोरे पाडताना शेजारचा द्रुतगती मार्ग सुमारे अर्धा तास बंद ठेवला होता. खंडाळ्याच्या घाटातला ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल तर एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीतच उडवला. याहून चांगला मुहूर्त वाहतूकवाल्यांना मिळणं कठीण! अशा वेळी पोलीस, अधिकारी, कॅमेरे सगळे हजर असतात. एरवीच्या एखाद्या मंगळवारी दुपारी राडारोड्याचा डंपर बाहेर पडतो, तेव्हा गेटवर एकच वॉर्डन असतो आणि तोही जेवायला गेलेला असतो.

२. डंपरच्या डाव्या अंगाला कुणी नको.
ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसतो. डाव्या चाकाला खेटून उभी असलेली स्कूटर त्याला दिसतच नाही. गाडी डावीकडे वळली की मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात आणि ती जागा खाऊन टाकतात. रिव्हर्सचं तर विचारूच नका. शेजारी ब्रेकर सुरू असताना मागचा ‘टूं टूं’ कुणाला ऐकू येणार? म्हणून माझा आग्रह एकच असतो, की गाडी आतच वळली पाहिजे आणि रस्त्यावर तोंड करूनच बाहेर आली पाहिजे. त्यासाठी लागणारी जागा पायाचं खोदकाम सुरू होण्याआधीच राखावी लागते. बिल्डर कुरकुरतो, कारण तिथे त्याला सळया ठेवायच्या असतात. इशारा देणारा माणूस ड्रायव्हरला आरशात दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबवायची, हे ड्रायव्हरच्या अंगवळणी पडेपर्यंत सांगत राहावं लागतं.

३. खेपेचा हिशेब बघा.
ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे. पण त्याला बहुतेकदा पैसे खेपेवर मिळतात आणि शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. बंदी लागण्याआधी आणखी एक खेप मारायची म्हणून तो सकाळी गाडी दामटतो आणि नेमकी तीच शाळेची वेळ असते. अशा ठिकाणी पाट्या वाढवून उपयोग होत नाही. डंपरमालकाशी बोलून पैसे दिवसावर ठरवले की वेग आपोआप उतरतो. यावर ठेकेदार माझ्याशी वाद घालतात, पण माझं मत बदललेलं नाही.

४. फलक आधी, खड्डा नंतर.
इंडियन रोड्स काँग्रेसची यासाठी मार्गदर्शिका आहे, एसपी ५५. ती कामाच्या रस्त्याचे चार भाग करते: आधी इशारा, मग वाहनं हळूहळू एका बाजूला घेणं, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी वाहतूक पुन्हा मूळ मार्गावर आणणं. आपल्याकडे हे चारही भाग एकाच खांबावर टांगलेले दिसतात, तेही खड्ड्याच्या काठावर.

५. पायी चालणारा वळसा घालत नाही.
तो पत्र्यांच्या फटीतून जातो, नाहीतर भर रस्त्यातून. नकाशा काढण्याआधी कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर जाऊन बसा. कुठल्या बसला कोण पळतं, दूधवाला कुठून वळतो, आजी-आजोबा देवळात कुठून जातात, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. वाट तिथेच ठेवा आणि वर छत टाका. वळणावरचे उंच पत्रे काढून जाळी लावा, नाहीतर पलीकडून येणारा दिसत नाही.

६. पावसाळा.
चाकं धुतल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नका. चिखल आणि चरावर टाकलेली गुळगुळीत लोखंडी प्लेट, दोन्हींवरून दुचाकी घसरतात.

७. वॉर्डनला कारण सांगायला शिकवा.
“बंद आहे” म्हटलं की “काका, इथंच जायचंय, दोन मिनिटं” सुरू होतं. “पुढं चर खणलाय, उजवीकडून काढा” म्हटलं की गाडी वळते. त्याला सावली, पाणी आणि बदली माणूस द्या. मळलेलं जॅकेट रात्री चमकत नाही, तेही बदला.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरत असेल, तर चटईक्षेत्र आणि भाड्याच्या रकमेबरोबर बिल्डरला आणखी एक गोष्ट विचारा. डंपर कुठल्या गेटने, किती वाजता आणि कुणाच्या इशाऱ्यावर बाहेर पडणार? उत्तर लेखी घ्या आणि ते करारनाम्याला जोडा.