काचेच्या टाकीतील समुद्र

केम गावी समुद्र पाहिलेला विद्यार्थी विरळा. म्हणून काचेच्या टाकीत तो उभा करावा असे आम्ही योजिले. घरगुती मीठ येथे निरुपयोगी, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे क्षार पुरेसे नसतात. तयार सागरी क्षार शुद्ध पाण्यात, दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम, विरघळविले. पाणी नितळ दिसताच आम्ही उतावीळपणे मुंबईहून आणविलेले चार मासे सोडिले. आठवड्याच्या आत चारही मेले. ‘पाणी तर स्वच्छ होते ना?’ या विद्यार्थ्यांच्या प्रश्नास आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही.

माशांच्या उत्सर्गापासून अमोनिया होतो; तो विषारी, पण डोळ्यांस दिसत नाही. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करितात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करितात. ते पुष्कळ सौम्य, व पाणी बदलून काढता येते. विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखविले. दगडांवर त्यांची वस्ती होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात.

दुसऱ्या खेपेस रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया घालून आम्ही थांबलो. तो व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच दोन मासे सोडिले. प्रवाळ आणिले नाहीत. वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत. आमच्याकडील उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते. ते काम नववीचे विद्यार्थी आळीपाळीने करितात.