प्लिमथच्या जुन्या गावात एक दिवस

गेल्या मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे, बॉस्टनजवळ आल्या. मॉल बघून झाले, बागा झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, इथली जुनी माणसं कशी राहायची ते दाखव की एकदा." म्हणून एका शनिवारी आम्ही पाचजण प्लिमथला गेलो. बॉस्टनच्या दक्षिणेला साधारण ६५ किलोमीटरवर १९४७ साली स्थापन झालेलं एक संग्रहालय आहे, 'प्लिमथ पटुक्सेट'. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेल्या इंग्रजांचं गाव तिथे पुन्हा उभं केलं आहे. गवताने शाकारलेली घरं, चुली, परसबागा, शेळ्या-कोंबड्या आणि चढाच्या टोकाला तोफा असलेली गढी. जवळच ईल नदीच्या काठी या भूमीच्या मूळ रहिवाशांची, वांपानोआग लोकांची वस्ती आहे. त्या दिवसाने आम्हाला जे शिकवलं, ते सांगते.

१. आदल्या रात्री मुलांना गोष्ट सांगा

आम्ही टिस्क्वांटमची सांगितली. तो पटुक्सेटचा, म्हणजे पुढे जिथे प्लिमथ वसलं त्याच गावचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला आणि त्याच्या गावकऱ्यांना फसवून पळवलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून इंग्लंडमार्गे १६१९ मध्ये तो परतला, तेव्हा गावात कुणीच उरलं नव्हतं. मधल्या वर्षांत साथीच्या रोगाने गाव संपलं होतं. इंग्रजांनी घरं बांधली ती त्या ओस पडलेल्या, आधीच साफ केलेल्या जमिनीवर. ही गोष्ट ठाऊक असल्यामुळे मुलीने फाटकावरची 'पटुक्सेट' ही अक्षरं स्वतः वाचली आणि आम्हाला दाखवली.

२. दोन वस्त्यांची रीत वेगळी आहे, ती समजून घ्या

इंग्रजांच्या गावात भेटणारी माणसं सतराव्या शतकातच वावरतात. प्रत्येक जण त्या वेळी खरोखर तिथे राहिलेल्या कुणाची तरी भूमिका करतो, बोलतोही त्या काळच्या इंग्रजीत. राष्ट्राध्यक्ष कोण, असं विचारलं तर त्यांना कळत नाही. त्यांना ठाऊक आहे तो इंग्लंडचा राजा. वांपानोआग वस्तीत मात्र कुणी सोंग घेतलेलं नाही. अंगावर हरणाच्या कातड्याचा पारंपरिक पोशाख असला, तरी ती आजची, मूळ रहिवासी समाजातलीच माणसं आहेत आणि आजच्या माणसासारखीच बोलतात. हा फरक आधी सांगितला नाही, तर मुलं त्यांनाही नाटकातली पात्रं समजतात.

३. ज्याला ज्या नावाने ओळखलं जायचं असतं, त्याच नावाने बोला

सहा वर्षांच्या आमच्या मुलाने वांपानोआग वस्तीतल्या एका तरुणाला उत्साहाने सांगितलं, "मीपण इंडियन!" तो तरुण आगीने कोरलेल्या होडीचं काम दाखवत होता. ओंडक्यावर विस्तव ठेवायचा, जळालेला भाग शिंपल्याने खरवडायचा, पुन्हा विस्तव. हातातला शिंपला खाली ठेवून तो म्हणाला, "तू खरा इंडियन. आम्हाला ते नाव चुकून पडलं. आम्ही वांपानोआग." पहिल्या उजेडाचे लोक, असा त्याचा अर्थ. परतीच्या वाटेवर मुलगा तो शब्द पाठ करत होता.

४. मक्याच्या शेताशी थांबा

मातीचे छोटे उंचवटे. त्यावर मका, मक्याच्या ताटाला धरून चढणारा घेवडा, खाली पसरलेला भोपळा. घेवडा जमिनीला कस देतो, भोपळ्याची पानं ओल धरतात. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपण ज्वारीत तूर घालतो, तसंच हे." टिस्क्वांटमने इंग्रजांना मक्याच्या मुळाशी खत म्हणून मासे पुरायला शिकवलं होतं. मका, शेंगदाणे, बटाटा आणि आपली मिरचीसुद्धा मूळची अमेरिका खंडांतली, समुद्रमार्गे आपल्याकडे आलेली, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. ठेच्याची मिरची परकी कशी असेल?

५. वस्तूंबद्दल कमी, माणसांबद्दल जास्त विचारा

एका घरात चुलीवर रस्सा रटरटत होता आणि एक बाई पाला निवडत बसली होती. सासूबाईंनी मराठीत, मी इंग्रजीत, असं बोलणं सुरू झालं. लाकूड ओलं असलं तर काय करता, पीठ कुठे दळता, लेकरं कुठे निजतात? मग मुलीने विचारलं, "पहिल्या हिवाळ्यात तुमच्या घरातलं कोण गेलं?" बाईचे हात थांबले. मेफ्लॉवरने आलेल्या १०२ प्रवाशांपैकी वसंत ऋतूपर्यंत निम्मे मेले होते. तिने एकेक नाव घेतलं. ती भूमिका होती हे आम्हाला माहीत होतं, तरी कुणाला बोलवेना.

६. अख्खा दिवस हाताशी ठेवा

वाटा कच्च्या आहेत, चढ आहे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पायांत चांगले बूट हवेत आणि सावकाश चालायला वेळ हवा. आम्ही दुपारच्या दशम्यांनंतर गावातच रमलो आणि बंदरावरच्या 'मेफ्लॉवर २' जहाजाशी पोहोचेपर्यंत ते बंद झालं होतं. जुन्या जहाजाची ही प्रतिकृती १९५७ मध्ये इंग्लंडहून शिडांवर अटलांटिक ओलांडून आली आहे. ती बघायची राहिल्याची चुटपुट अजून आहे. जहाज सकाळी बघा, मग दोन्ही वस्त्यांकडे जा. वसंतापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतच हे गाव खुलं असतं.

७. सणाची दुसरी बाजूही मुलांना कळू द्या

नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाचं मूळ म्हणून शाळेत मुलं इंग्रजांची १६२१ ची मेजवानी शिकतात. तीन दिवस चाललेली, सुमारे नव्वद वांपानोआग पुरुषांसह झालेली. पण त्यानंतर अवघ्या ५४ वर्षांत, १६७५ मध्ये, त्याच दोन समाजांत भीषण युद्ध पेटलं आणि वांपानोआगांची बहुतेक जमीन गेली. म्हणून १९७० पासून दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळ रहिवासी प्लिमथच्याच टेकडीवर जमून शोकदिन पाळतात. हे सांगितल्याने मुलांचा सण कडू झाला नाही. त्या नोव्हेंबरमध्ये जेवायला बसताना मुलीने आपणहून टिस्क्वांटमचं नाव काढलं.

तुम्ही जाल तेव्हा, आधी नदीकाठच्या वांपानोआग वस्तीत जा आणि मग इंग्रजांच्या गावात. गाव मुळात त्यांचं होतं. त्याची ओळखही आधी त्यांच्याकडूनच करून घ्या.