भातखाचरातील बुडबुडे आणि शुद्ध इंधनवायू

भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी वाचकांस परिचित असलेले तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. तेथील पाण्याने भरलेल्या भातखाचरात काठी खुपसली असता चिखलातून बुडबुडे वर येतात. त्यांत मिथेन हा ज्वलनशील वायू असतो. चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. अशा ठिकाणी सूक्ष्म जंतू कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून तो निर्माण करतात. गोबरगॅसच्या बंदिस्त टाकीत हीच क्रिया घडते. मात्र तेथे वायू हवेत न जाता साठविला जातो.

ह्या जंतूंना कर्बाच्या सुमारे २० ते ३० भागांमागे नत्राचा एक भाग लागतो. भाताच्या पेंढ्यात कर्ब पुष्कळ व नत्र थोडे असते. शेणात हे प्रमाण पुष्कळसे योग्य असते. म्हणून पेंढा बारीक कापून शेणात मिसळणे हितावह होय. एक किलोग्रॅम ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो.

ह्या वायूत मिथेन शेकडा ५५ ते ६५ भाग असतो. बाकीचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असून तो जळत नाही. हायड्रोजन सल्फाइड अल्प असला, तरी तो विषारी असून यंत्राचे धातू झिजवितो. चुलीसाठी असा वायू चालतो. परंतु मोटारीत भरावयाचा तर तो शुद्ध केलाच पाहिजे. त्यासाठी तो प्रथम लोहाच्या ऑक्साइडमधून नेतात. तेथे गंधक अडकतो. मग त्यास दाबाखाली पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिथेनपेक्षा वीसपटींहून अधिक विरघळत असल्याने तो पाण्यात राहतो आणि मिथेन पुढे जातो. शेवटी ओलावा काढला की इंधन सिद्ध होते. भारतीय मानकाप्रमाणे त्यात मिथेन शेकडा निदान ९० भाग असावा लागतो.

तमिळनाडूने २०२० साली कायदा करून तंजावरसह हा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरविला व तेथे तेल आणि नैसर्गिक वायू यांसाठी नव्याने खोदकाम करण्यास मनाई केली. अशा भूमीत गोठ्यातून मिळणाऱ्या मिथेनचे मोल विशेष आहे, कारण त्यासाठी शेतजमीन खोदावी लागत नाही. मात्र टाकी व नळ गळके नसावेत. कारण शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवितो. टाकीतून निघणाऱ्या मळीत नत्र व स्फुरद शिल्लक राहतात. ती शेतात घातली म्हणजे पिकाने घेतलेले पुष्कळसे द्रव्य मातीस परत मिळते.