बोटं दुखायची थांबली, की सायकल थांबवा

थंडीत सायकल चालवताना पायाची बोटं दुखत असतात, तोवर निदान ती जागी आहेत एवढं कळतं. खरी भीती पुढे असते. दुखता दुखता ती एकदम गप्प झाली, की सायकल तिथेच थांबवावी. मिनियापोलिसमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी हे आवर्जून सांगतो.

इथे जानेवारीत सकाळी पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश असणं नेहमीचंच. तरीही लोक सायकलने कामाला जातात. मिडटाऊन ग्रीनवे हा जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलरस्ता, आणि त्यावरचा बर्फ हिवाळ्यातही साफ केला जातो. पहिल्याच हिवाळ्यात मीही त्या रस्त्याने ऑफिसला जाऊ लागलो. अंगात जाड जाकीट, हातमोजे, कानटोपी असा सगळा जामानिमा होता. पायात मात्र नेहमीचे जाळीदार स्पोर्ट्स शूज आणि सुती मोज्यांचे दोन जोड. एका सकाळी बोटं आधी गार पडली, मग ठणकू लागली आणि निम्म्या वाटेत ठणका थांबला. पाय गरम झाले असावेत, असं वाटलं. ऑफिसात मोजे काढले तर दोन्ही करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं मेणासारखी फिकट झाली होती. चिमटा काढला तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, ही हिमदंशाची पहिली पायरी. बोटं वाचली, पण शेंड्यांचा बधिरपणा जायला कित्येक आठवडे लागले.

असं का होतं? थंडी वाढली की शरीर हृदय, फुप्फुसं सांभाळण्यासाठी हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं. चालताना पाऊल वाकतं, बोटं हलतात. सायकलवर मेहनत मांड्यांची. पाऊल पॅडलवर तसंच दाबलेलं राहतं. त्यात वाऱ्याची भर. उणे १० अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, तर अंगाला ती थंडी उणे १८ची भासते. हा भासणारा आकडा उणे २८च्या खाली गेला, तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. म्हणून निघण्याआधी नुसतं तापमान बघू नका, वाऱ्यासह थंडी किती भासते तो आकडा बघा.

पहिला उपाय बुटांचा. हिवाळ्याचे बूट एक माप मोठे घ्या. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले तर रक्त अडतं आणि ऊब देणारी हवाही उरत नाही. मोजे घालून, नाडी बांधून बोटं मोकळी हलली पाहिजेत. मोजे लोकरीचे हवेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओला पाय लवकर गारठतो. आत फेल्टचा सोल घाला. धातूच्या पॅडलऐवजी रुंद प्लास्टिकचं पॅडल लावा. बूट पॅडलला अडकवायची धातूची क्लिट वापरत असाल, तर तिच्यातूनही गारठा तळव्याला लागतो.

ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या इथे खूप जण वापरतात. आधी पातळ मोजा, त्यावर पिशवी, त्यावर लोकरीचा मोजा. घाम पिशवीच्या आतच राहतो, लोकर कोरडी राहते. ऑफिसात पोचल्यावर मात्र आतला मोजा लगेच बदला. घोटे आणि पोटऱ्या उघड्या ठेवू नका, पावलांना जाणारं रक्त तिथूनच जातं. लोखंडाच्या भुकटीची गरम पाकिटं मिळतात, पण ती हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात. गच्च बुटात थंडच राहतात.

वाटेत बोटं बधिर झाली तर उतरा, सायकल हातात धरून चाला, बोटं हलवा. पाच-दहा मिनिटांत जाणीव परतली नाही, तर जवळच्या दुकानात शिरा. बोटं चोळू नका. हीटरसमोर किंवा गरम पाकिटावर धरू नका, बधिर कातडी भाजल्याचं कळत नाही. पुन्हा थंडीत जायचं नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय ठेवा. रक्त परतताना खूप आग होते, ती सोसावी लागते. बोट कडक लागलं, फोड आले किंवा बधिरपणा गेला नाही, तर थेट दवाखाना गाठा. आपल्या सावळ्या रंगावर फिकटपणा पटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हात लावून बघा.

मधुमेहींना तर कळकळीची विनंती आहे. मधुमेहाने पायाची संवेदना आधीच कमी झालेली असू शकते, ठणक्याचा इशारा मिळेलच असं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडाक्याच्या थंडीत सायकल काढू नका. अशा दिवशी बसने गेलात तर काही बिघडत नाही.