चाकाची घरघर

मोटारीच्या चाकाच्या मध्यभागी बेअरिंग नावाचा एक लहानसा भाग असतो. पोलादाच्या दोन कड्या, त्यांच्यामध्ये गुळगुळीत छर्रे आणि थोडे ग्रीस, एवढाच त्याचा संसार; पण चाकावर येणारा गाडीचा भार तोच पेलतो. त्याचे आवरण फाटले, की धूळ व पाणी आत शिरते, ग्रीस निकामी होते आणि छर्र्यांची वाट खडबडीत बनते. मग चाक घरघरू लागते. वेगाबरोबर घरघरही वाढते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर चाक सैल होऊन प्राणावर बेतते.

दोष कोठे आहे, हे जाणता कारागीर कानानेच ताडतो. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर पडतो. तेव्हा आवाज वाढला, तर बहुधा उजवे बेअरिंग झिजलेले असते. मग तो गाडी जॅकने उचलून लोखंडी घोडीवर टेकवतो. नुसत्या जॅकवर विसंबत नाही. चाक वर व खाली धरून हलवताच डुगडुगले, तर दोष बेअरिंगचा की शेजारच्या सांध्याचा, हे तो निरखून पाहतो.

झिजलेले बेअरिंग बदलावेच लागते. नवे बसवताना हातोड्याचे घाव छर्र्यांवर पोहोचले, तर कड्यांवर खळगे उमटतात आणि कोरे बेअरिंगही लवकरच घरघरू लागते. म्हणून ते दाबयंत्राने हळूहळू बसवतात.