चोथा पेट्यांपासून लांब

अगं, हेरफर्डशरच्या या बागेत शरदातली दोन्ही कामं, मधमाश्यांचं आणि सायडरचं, एकदमच अंगावर येतात. त्यात आधी पेट्या बघ. मध काढला की लगेच व्हरोआ या परजीवी माइटवरचं थायमॉलचं औषध लाव. हवा 15 अंशांखाली गेली की ते नीट उडत नाही. मग प्रत्येक पेटी मागून बोटभर उचलायची. जमिनीला खिळल्यासारखी लागली तर ठीक. अलगद उठली तर ती उपाशी आहे. इथला हिवाळा काढायला एका वसाहतीला 18-20 किलो मध लागतो. कमी असेल तर 2 किलो साखरेला 1 लिटर पाणी, असा दाट पाक संध्याकाळी ठेव. ऑक्टोबर लागेपर्यंत उरक. नंतर तो आटवून मेणाने बंद करण्याइतकी ऊब माश्यांना मिळत नाही. आणि थेंबही बाहेर सांडू नकोस.

कारण गांधीलमाश्या. या दिवसांत त्यांच्या घरट्यातल्या अळ्या संपतात, अळ्यांकडून मिळणारा गोड रस बंद होतो, मग त्या गोडासाठी वखवखतात. आधी पडलेली सफरचंदं, नंतर आपल्या पेट्या. एका वर्षी मी आळसापायी रस काढलेला चोथा पेट्यांपासून वीस पावलांवर टाकला. आठवड्याच्या आत एक कमजोर पेटी पार लुटली गेली. तेव्हापासून चोथा त्याच दिवशी शेजारच्या डुकरांना जातो आणि पेटीचं दार एक-दोन माश्या शिरतील एवढंच ठेवतो. थंडी पडली की त्यावर भोकाभोकांची पट्टी ठोक, नाहीतर उंदीर आत घर करतात.

सफरचंदांना मात्र घाई नाही. डॅबिनेट, म्हणजे आपली सायडरची जात, पडल्यावरही दोन-तीन आठवडे ढिगात राहू दे. अंगठा दाबला की खळगा पडला पाहिजे. ठेचाळलेलं चालेल, कुजकं नाही. एकदा चावून बघ, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड आवळेल. सायडरला अंग त्या तुरटपणानेच येतं. रसाला लोखंड लागू देऊ नकोस, काळा पडतो. पहिला फेस ओसरला की पिंप काठोकाठ भर आणि एअरलॉक लाव. वर हवा राहिली तर वसंतात व्हिनेगर मिळेल.

तुझ्या आईने फोनवर विचारलं, तर सफरचंदाचा रस आहे म्हण. पहिले दोन दिवस तो तसाच असतो.